निळीशिवायचा साचा

३ मार्च

ताई,

नमस्कार-चमत्कार, खुशाली वगैरे तुझ्या मनानेच समजून घे. फोन का लागत नाही म्हणून तू टेम्पोवाल्याकडे चौकशी केलीस, तर ऐक. फोन मी भिंतीवर आपटला. फोनचा गुन्हा एवढाच, की त्यात तिचा फोटो होता. नवा घेणार नाही. आमचा टेम्पो तुमच्या आर्ट कॉलेजात प्लास्टरची पोती टाकायला येतोच, तोच पत्रं नेईल-आणील. तो म्हणाला, "प्रेमपत्रं असतील तर भाडं लागेल." मी म्हटलं, "दुश्मनीची आहेत." तर म्हणतो, "मग दुप्पट."

मी साच्याच्या कारखान्यात लागलोय. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, पाण्याच्या दोन टाक्या, एक गळका नळ आणि काका. मालकांना सगळेच काका म्हणतात. माझे हात कोपरापर्यंत पांढरे, केस पांढरे, पापण्या पांढऱ्या. परवा आरशात बघितलं तर आपले आजोबाच उभे.

आणि आता मुद्द्याचं. सत्र संपत आलंय. तुमच्या वर्गातली सगळी मातीची डोकी साचे काढायला इथेच येणार. म्हणजे तिचं, बुचड्याचंही येणार.

तू म्हणशील, झालं गेलं विसर. ताई, कसं विसरू? सगळं सत्र मी तिचा चेहरा करत होतो. केसांचा तो बुचडा, त्यात खोचलेली माती कोरायची काडी, मान वळवताना कानाखाली पडणारी ती एक घडी. माझ्या हातून इतकं चांगलं काम आधी झालं नव्हतं, पुढेही होणार नाही. बाबांच्या ऑपरेशनसाठी मी घरी गेलो. त्या आठवड्यात वर्गातल्या कामांवर पाणी मारायची पाळी तिची. परत येऊन बघतो तर माती वाळून फुटलेली, हनुवटी खाली फरशीवर. फडकी मात्र शेजारच्या स्टुलावर. घडी करून, ताई! निगुतीने, चौकोनी घडी करून!

मग मी स्टँड लाथाडला, टोपीवाल्या सरांना नको ते बोललो, ओळखपत्र त्यांच्याच टेबलावर फाडलं आणि चालता झालो. त्याचा पश्चात्ताप नाही. फक्त हिशेब बाकी आहे. येऊ दे तिचं डोकं इकडे.

तुझा
भडकू


९ मार्च

भडकू,

मी तुझी मावसबहीण आहे, तुझी वकील नाही. त्यामुळे तुझी बाजू ऐकून मान डोलवायचं काम मला सांगू नकोस.

एक गोष्ट तू पत्रात लिहिलीच नाहीस. तिने तुला सांगितलं होतं, "माझा चेहरा करू नकोस." मी तिथेच होते. तू हसलास आणि म्हणालास, "चेहरा तुझा असला तरी माती माझी आहे." भारी बोललो असं वाटलं असेल तुला. त्यानंतर रोज दुसऱ्या वर्गातली पोरं तिची मान बघायला येत होती, आणि ती तिथेच बाजूला बसून काम करत होती. तिने केलं ते बरोबर, असं मी म्हणत नाही. पण "काहीच कारण नव्हतं" असं तू म्हणू नकोस.

इकडे आमची पळापळ चालू आहे. जलरंगाचे वीस कागद, एक मोठं चित्र, एक डोकं, आणि या सगळ्यावर निबंध, एवढं सगळं महिन्यात. माझ्या डोक्याचं नाक तिसऱ्यांदा पडलंय. टोपीवाले सर म्हणाले, "नाकाशिवायही माणूस जगतो, पण पास होत नाही." उघडणी बारा एप्रिलला. तुला आठवत असेल, तू दरवर्षी बघ्यांमध्ये सर्वांत पुढे असायचास : अंगणात रांगेत सगळ्यांचे पांढरे गोळे, प्रत्येकाने छिन्नी-हातोडी घेऊन सगळ्यांसमोर आपापलं फोडायचं.

बुचड्याचं काम चांगलं झालंय. खूपच चांगलं. वीस-एकवीसला ती घेऊन येईल. तोंड बंद ठेव, हात नीट चालव. आणि माझं डोकं आलं की त्याचं नाक जप.

ताई


२२ मार्च

ताई,

ती आली. टेम्पोतून उतरली, डोकं कडेवरच्या पोरासारखं धरलेलं, ओल्या फडक्यांत गुंडाळलेलं. काका पाठ धरल्यामुळे घरी. शेडमध्ये मी एकटा. मला बघून ती दारातच थांबली.

"काका नाहीत?"

"मी आहे."

"मग मी नंतर येते."

"काका आठवडाभर उठत नाहीत. उघडणी चुकेल. ठेवायचं तर ठेव."

तिने थोडा वेळ विचार केला आणि टेबलावर ठेवलं. म्हणाली, "जपून." बस, एवढंच. बाबा कसे आहेत, हेही विचारलं नाही. बुचड्यातली काडी नवी होती, पितळेची. कुणी दिली असेल?

ती गेल्यावर फडकी सोडली. ताई, आत एक पुरुष होता. तरुण, देखणा, ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं, जसं जवळच्या माणसाकडे बघतानाच येतं. आणि कान! उजवा कान तिने असा केलाय, की मी बोट लावायला घाबरलो. ज्याच्याजवळ तासन् तास बसलंय त्याचाच कान माणूस असा करू शकतो. मला म्हणे चेहरा करू नकोस, आणि हा कोण लागून गेला?

आता मी काय केलं ते ऐक. साचा कसा करतात ते तुला माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण मला ते चवीने सांगायचंय. मातीवर पहिला पातळ थर देताना आपण पाण्यात नीळ घालतो, म्हणजे तो थर निळसर होतो. त्यावर जाड पांढरा थर. मग साचा उघडायचा, माती काढून टाकायची, आत साबण लावायचा, बंद करून पांढरं प्लास्टर ओतायचं. नंतर फोडणारा बाहेरून पांढरं फोडत येतो आणि निळं दिसलं की हात आखडता घेतो. निळं म्हणजे इशारा : आत चेहरा आहे, आता हळू.

मी नीळ घातलीच नाही.

बाहेर पांढरं, मध्ये पांढरं, आत पांढरं. ती निळ्याची वाट बघत घाव घालत जाईल आणि सरळ त्या देखण्याच्या गालात शिरेल. सगळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने. माती मी कालच तुडवून पिंपात टाकली, त्यामुळे दुसरा साचा नाही. गोळा उद्या टेम्पोने येईल. तुझा वेगळा आहे, त्यात नीळ आहे, नाकही शाबूत आहे.

मला आज बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली. हे पत्र फाड.

भडकू


२७ मार्च

भडकू,

पत्र फाडलेलं नाही.

तो तिचा दादा आहे, मूर्ख माणसा. सख्खा, मोठा भाऊ. जहाजावर नोकरी लागली म्हणून गेला, जाण्याआधी सुट्टीभर रोज वर्गात येऊन बसला तिच्यासाठी. आम्हा सगळ्यांना हसवायचा. काडी त्यानेच दिली. आता दोन वर्षं तो येणार नाही. ते डोकं प्रदर्शनानंतर तिच्या आईकडे जायचंय. आईनेच मागून घेतलंय, पोरगा नाही तर त्याचं तोंड तरी घरात असू दे म्हणून.

तू मला विचारलं असतंस, तर मी एका वाक्यात सांगितलं असतं. पण तुला विचारायचं कुठे होतं? तुला चवीने सांगायचं होतं!

मी तिला अजून बोललेले नाही. का, ते मलाही कळत नाही. मावशीचा विचार येतो, तुझ्या बाबांचा येतो. तुला एक संधी देते. तू स्वतः तिला लिही. चार ओळी पुरतील : नीळ नाही, जपून फोड, चुकलो. पाच तारखेपर्यंत वाट बघेन. नाहीतर मी सांगेन, आणि तुझं नावही सांगेन.

गोळा आमच्या वर्गात तिच्या खिडकीखाली आहे. येता-जाता ती त्यावर हात ठेवते. मला बघवत नाही.

ताई


२ एप्रिल

ताई,

दादा आहे हे मला कुठून माहीत असणार? हसतोय कसा तो! कुठला भाऊ बहिणीकडे बघून असा हसतो? मी कधी हसलोय तुझ्याकडे बघून?

बरं. मी तीन पत्रं लिहिली तिला, तिन्ही टाकीत गेली. पहिल्यात फारच रडलो होतो. दुसऱ्यात फडक्यांच्या घडीचा विषय काढला आणि पुन्हा भांडण झालं. तिसऱ्यात नुसतं तिचं नाव लिहिलं आणि पुढे काही येईना.

पण मला त्याहून चांगलं सुचलंय, आणि ते तू बिघडवू नकोस. बारा तारखेला मी स्वतः येतो. ती छिन्नी टेकवेल, हातोडी उचलेल आणि पहिला घाव पडायच्या आत मी तिचं मनगट धरीन. टोपीवाले सर, सगळा वर्ग, सगळ्यांसमोर. म्हणेन, "थांब. यात नीळ नाही. मीच घातली नाही. तू माझं मोडलंस तेव्हा कुणी तुझा हात धरला नव्हता, पण मी तुझा धरतोय." मग तिच्या शेजारी बसून तो गोळा मी माझ्या हाताने उघडून देईन. बघू दे तिला, आपण कुणाला घालवलं ते. सूडही झाला आणि तिच्या दादालाही धक्का नाही. याहून चोख हिशेब कुणी केला असता?

तोपर्यंत तू गप्प बस. दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. तुला आईची शप्पथ.

भडकू


८ एप्रिल

संबोधन काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून लिहीत नाही.

तुझी शेवटची दोन्ही पत्रं तुझ्या ताईने मला दिली. तिच्यावर रागावू नकोस. ती रडत होती, आणि द्यायला उशीरच झाला होता.

यंदा अंगणात गर्दी नको म्हणून सरांनी बाहेरचं जाड प्लास्टर आधीच उतरवून ठेवायला सांगितलं होतं. मी चार तारखेला सुरुवात केली. उजव्या बाजूने. निळं कधी दिसतंय म्हणून बघत होते. एक मोठी खपली हातात आली. उलटी करून बघितली, तर तिच्या आत कानाची पाळी होती. थोडा वेळ मला कळलंच नाही की हे काय आहे. मग ताई आली आणि तिने सगळं सांगितलं.

उरलेलं मी आणि तिने मिळून उघडलं. मानेच्या तळाशी साबणाची रेघ केसासारखी दिसते, ती धरून वर वर गेलो. बाकी चेहरा नीट निघालाय. सर म्हणाले, कान नवा करून जोड. मी नाही म्हटलं. मला तो पुन्हा तसा येणार नाही आणि ज्याचा आहे तो समोर नाही.

तू लिहिलं आहेस की माझं मनगट धरणार होतास. आता त्याची गरज नाही.

फडक्यांचं मला मान्य आहे. मी ती मुद्दाम काढली. त्या आठवड्यात बाकी सगळ्यांच्या कामांवर पाणी मारलं, तुझ्या कामावर नाही. मी तुला सरळ सांगितलं होतं, तू ऐकलं नव्हतंस. तरी ते काम चांगलं होतं, हे मला फडकी काढतानाही कळत होतं.

वीस तारखेला प्रदर्शन उघडतंय. दादाच्या खालच्या पाटीवर साचा करणाऱ्याचं म्हणून तुझं पूर्ण नाव घातलंय. आई येणार आहे. तिला तुला भेटायचंय. ये.


१५ एप्रिल

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. "येऊ नकोस." का म्हणून येऊ नको? तिने फडक्यांचं मान्य केलं. "काम चांगलं होतं" असं स्वतःच्या हाताने लिहिलं. पाटीवर माझं नाव घातलं. आईशी गाठ घालून देतेय, आईशी! कान गेला त्याचं वाईट मलाही वाटतं, पण माणूस ज्याला माफ करत नाही त्याला आईसमोर नेत नाही. तुला मेलीला काही कळत नाही.

काकांकडून उचल घेऊन शर्ट घेतलाय. गडद रंगाचा, प्लास्टर दिसलं तरी चालेल म्हणून नव्हे, तिला तो रंग आवडतो म्हणून. काकाही येतायत. दरवर्षी पाठीला पट्टा बांधून येतात म्हणे, आपल्या साच्यांतून काय काय निघालं ते बघायला.

भडकू


२१ एप्रिल

ताई,

तू काल दाराशी तिकिटं फाडत होतीस, म्हणून आत काय झालं ते तुला दिसलं नाही. मी जाताना तुझ्याशी बोललो नाही. आज लिहितो.

तो कोपऱ्यात, खिडकीच्या उजेडात होता. लांबून बघितलं तर हसतोय. जवळ जाऊन उजव्या बाजूला वळलो, तर कानाच्या जागी खरबरीत खड्डा, पाव फोडल्यासारखा. त्याच्यासमोर माणसं उभी होती. एक जण दुसऱ्याला सांगत होता, "मुद्दाम मोडलाय तो. धाडस आहे पोरीत." ती बाजूलाच होती. तिने ऐकलं. तिचा चेहरा बघून मला वाटलं, त्या माणसाला मारावं.

मग पाटी वाचली. माझं नाव होतं, पूर्ण, वळणदार अक्षरांत. साचा व ओतकाम, पुढे नाव. आणि त्यापुढे कंसात : निळीशिवाय.

येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यातलं काही कळत नव्हतं. ज्याला कळायचं होतं तो माझ्या मागेच उभा होता. काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. मग त्या खड्ड्याकडे बघितलं, मग माझ्या नव्या शर्टाकडे. "उद्यापासून येऊ नकोस," म्हणाले, आणि पट्टा सावरत पुढच्या डोक्याकडे गेले. ते तुझं होतं. नाकाचं त्यांनी कौतुक केलं.

मी तिथून सटकणार, तेवढ्यात ती समोर. शेजारी तिची आई. छोटीशी बाई, तोंडावर अगदी त्या दादाचंच हसू.

"आई, हा तो. साचा याने केला."

आईने माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाली, "तुमच्यामुळे माझा मुलगा घरी राहणार हो. मी किती दिवस म्हणतेय हिला, त्या कारागिराला एकदा भेटव. हात बघा केवढे फुटलेत तुमचे. तेल लावत जा." सोडेचना. मी मान खाली घालून उभा. वर बघितलं तर ती माझ्याकडेच बघत होती. एकटक. ताई, मी सत्रभर तिचा चेहरा केला, पण तो चेहरा मला माहीत नव्हता. वाट बघणारा. मी नीळ घातली नाही त्या दिवशी माझाही असाच झाला असणार.

आई म्हणाली, "पण तो कान हो कसा गेला? ही काही नीट सांगतच नाही."

"यालाच विचार," ती म्हणाली.

मला खोटं बोलता आलं असतं. वाहतुकीत गेला, प्लास्टर जुनं होतं, पन्नास कारणं असतात. पण तिच्या आईने हात सोडले नव्हते. मी म्हटलं, "मी मुद्दाम घालवला. तिच्यावर राग होता म्हणून."

आईला आधी कळेना. हसू तसंच राहिलं तोंडावर, उगाच. मग तिने माझा एक हात सोडला, मग दुसरा. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. पण ती माझ्याकडे वळलीच नाही. लेकीकडे वळली.

"तुला हे माहीत होतं?"

तिने पाटीवर हात ठेवला.

"माहीत असून मला याचे हात धरायला लावलेस? मला आभार मानायला लावलेस? या सगळ्या माणसांत?" आवाज चढवला नाही तिने. "याने तर माझ्या मुलाचा कान मोडला. तू माझ्याशी काय केलंस गं?"

आणि पिशवी उचलून निघून गेली. डोक्याकडे पुन्हा बघितलंही नाही. ती "आई, आई" करत दारापर्यंत गेली आणि एकटीच परत आली. डोळे कोरडे होते. माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली, दादाच्या दुसऱ्या बाजूला.

मी विचारलं, "झालं समाधान?"

"नाही," म्हणाली. "तुझं?"

"नाही."

बराच वेळ आम्ही तसेच उभे. सत्रभर मला तिच्याशेजारी एवढा वेळ उभं राहायला मिळालं नव्हतं, आणि मला तिथून पळून जायचं होतं.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आले, वाकून कानाच्या जागेकडे बघितलं, मान हलवली आणि आम्हा दोघांकडे बघून अगदी मायेने विचारलं, "सुंदर आहे. तुमच्यापैकी कुणी केलं हे?"

ती जमिनीकडे बघत होती, मी खिडकीकडे. ते थोडा वेळ थांबले, आणि मग दुसऱ्या कुणाला विचारायला निघून गेले.

भडकू